आमची टिकवणूक समिती

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, तुमच्यातली माणसं आमच्या शाळेत टिकत का नाहीत हो?" आता ह्यावर मी काय बोलू, तुम्हीच सांगा. बावीस वर्षं मी ह्यांच्या नाकासमोर बसलेय, स्टाफरूममध्ये, खिडकीजवळच्या त्या एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर, आणि हे मला विचारतात टिकत का नाहीत. अहो, जे गेले त्यांना विचारा ना. पण जे गेले त्यांचा फोन नंबर कुणाकडे नाही, आणि मी आपली समोर, हाताशी, वह्या तपासत... म्हणून मला. तुम्हाला सांगते, मी गणित शिकवते. सातवी ते नववी, सरकारी शाळा, वर्गात पंचावन्न पोरं, फळा असा की खडू उमटायच्या आधीच पुसला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की मी गणित शिकवते. पण बावीस वर्षांत गणिताबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

मग काय विचारतात? आता बघा, आमचे लोक ह्या गावात मूठभर. घरात बोलायची भाषा वेगळी, आडनावं अशी की नवा माणूस हजेरी घेताना आमच्या नावापाशी आला की आधी खोकतो. तर ह्यांच्या लेखी आम्ही "तुमच्यातले". "बाई, तुमच्यातल्या एका पोराने काच फोडलीय, जरा समजवा." "बाई, तुमच्यातली एक आई आलीय, रडतेय, जरा बघा." मी फळ्यावर कंसातला उणे बाहेर काढत असते, पाठीमागे पंचावन्न पोरं श्वास रोखून बसलेली... बरं, श्वास रोखून पंचावन्न नाही, बारा, पण बारा म्हणजे काय थोडी झाली?... आणि तेवढ्यात दारात शिपाईमामा. "बाई, हेडसरांनी बोलावलंय." उणे तसाच कंसात सोडून मी जायचं. परत येईपर्यंत तास संपलेला. असा किती वर्षं तो उणे आत राहिलाय, काय सांगू.

एकदा तर कहरच. ऑफिसात एक गृहस्थ उभे होते, मुलीचा दाखला हवा होता. मला बोलावलं. मी आमच्या भाषेत विचारलं, ते माझ्याकडे बघत राहिले. मग ते बोलले, मी त्यांच्याकडे बघत राहिले. निराळाच मुलूख, निराळीच भाषा, मी जन्मात ऐकली नव्हती. मी म्हटलं, सर, हे आमच्यातले नाहीत. तर हेडसर म्हणतात कसे, "बाई, जरा प्रयत्न करा, जवळपासचंच असेल." जवळपासचं. मग काय, अर्धा तास मी आणि ते गृहस्थ हातवारे करत उभे, मी हवेत दाखल्याचा चौकोन काढतेय, ते मान हलवतायत... आणि शेवटी कंटाळून ते क्लार्ककडे वळले आणि इथल्या भाषेत, अगदी स्वच्छ, म्हणाले, "ह्या बाईंना इथलं बोलता येत नाही का?" त्यांना वाटलं होतं मलाच येत नाही. म्हणून बिचारे त्यांच्या भाषेत बोलत होते, मला जवळपासची पडेल म्हणून. आणि तोवर माझ्या आठवी ब चा तास गेला. मी गणित शिकवते हो.

तर मागच्या वर्षी वरून पत्र आलं. आमच्याकडे सगळं वरूनच येतं, पत्रं, साहेब आणि पावसाळ्यात छताचं पाणी. पत्रात काय, तर 'अल्पसंख्याक शिक्षक भरती व टिकवणूक योजना'. टिकवणूक. शब्द ऐका. जसं काही आम्ही नासणारं दूध. हेडसरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बसा." ते बसा म्हणाले की मी आधी दाराकडे बघते, कारण फुकटचं काम असल्याशिवाय हा माणूस कुणाला बसवत नाही. "बाई... हॅ हॅ... काय आहे... एक जागा मंजूर झालीय. विज्ञानाची. तुमच्यातलंच भरायचंय. तर तुमच्यातलं कुणी असेल तर सांगा ना. शांत स्वभावाचं." मी म्हटलं, सर, विज्ञान येणारं हवं की शांत स्वभावाचं? तर म्हणे, "दोन्ही असेल तर उत्तम, पण शांत असलेलं बरं." जाहिरात नाही, काही नाही. सोयरीक जमवायची तशी भरती. फक्त पत्रिका तेवढी मागितली नाही.

आणि आमचे लोक म्हणजे काही सरळ आहेत असं समजू नका, उगाच मला त्यांची बाजू घ्यायला लावू नका. बातमी फुटायचा अवकाश, नणंद दारात. "वहिनी, आमच्या धाकट्याला लावून घे." मी म्हटलं, अगं, तो बारावीत दोनदा आपटलाय. तर म्हणते, "मग काय झालं? जागा आपलीच आहे ना?" जागा आपली आहे, पोरं कुणाची आहेत, ती कुणी शिकवायची, हे कुणी विचारेल? एक चुलतदीर, बारा वर्षं टायरचं दुकान चालवतायत, त्यांनी मला विचारलं, विज्ञान म्हणजे त्यात हवेचा दाब वगैरे येतो ना, ते मला येतं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात, त्यांनी भिंग न काढताच सांगितलं, "तू ह्यात पडू नकोस." हा माणूस तीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही आणि मी तीस वर्षांत एकदाही त्याचं ऐकलेलं नाही.

मी पडले. कारण माझ्या डोक्यात एक मुलगी होती. माझीच विद्यार्थिनी. आठवीत होती माझ्याकडे, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. मी गणित सोडवून दाखवलं की सगळे वहीत उतरवायचे आणि ही हात वर करून विचारायची, "बाई, दुसऱ्या रीतीने येईल का?" रोज. मला वीट आणला होता कार्टीने, आणि घरी जाताना रस्ताभर मी दुसरी रीत शोधत असायची. पुढे ती पदार्थविज्ञान शिकली, पहिल्या वर्गात पास झाली, शिक्षकाची परीक्षा दिली, दुसऱ्या शहरात चांगल्या खासगी शाळेत लागत होती. मी तिला फोन केला. काय म्हणाले माहितेय? म्हटलं, "इकडे ये. आपल्या शाळेत. मी आहे ना." मी आहे ना. लक्षात ठेवा, हे मी म्हणाले. कुणी माझ्या तोंडात कोंबलं नाही.

मुलाखत झाली. तीन माणसं, समोर ती. मी बाहेर दाराला कान लावून. विज्ञानाचा एक प्रश्न नाही. "तुम्हाला इथे कसं वाटेल?" "तुम्हाला सगळ्यांत मिसळायला आवडतं का?" "तुमच्या घरून परवानगी आहे का?" अहो, तिचा मामेभाऊ कोण आणि ती कुठे राहते एवढं सगळं विचारलं, आणि तिने शेवटी विचारलं, "सर, प्रयोगशाळा कुठे आहे?" मग हेडसर, "आहे ना... म्हणजे... आहे." होती. जिन्याखालच्या खोलीत. तिच्यात मोडके बाक, फाटके नकाशे, खेळाच्या सरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीतल्या शिड्या आणि एका जुन्या हेडसरांचा हार घातलेला फोटो.

तिने पहिल्या आठवड्यात ती खोली रिकामी केली. शिपाईमामांना बरोबर घेऊन, पदर... नाही, ती ड्रेस घालते, ओढणी कमरेला खोचून. फोटो तेवढा ठेवला, म्हणाली, "असू देत, लक्ष ठेवतील." आणि सातवीची पोरं तिच्या मागे वेडी झाली. बशीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. साधा प्रयोग आहे, पुस्तकात चित्र आहे, बावीस वर्षं पोरं ते चित्र पाठ करत आली. हिने पेला पोरांच्या हातात दिला. पोरं म्हणाली, हवा जळून संपली म्हणून पाणी चढलं. ती म्हणाली, नक्की? मग मेणबत्त्या दोन लावून बघा. मग तीन. मी दाराशी उभी होते. खोटं कशाला बोलू, घंटा झाली तरी मी हलले नाही. ती तिथेही दुसरी रीत शोधत होती आणि आता पंचावन्न पोरं तिच्याबरोबर शोधत होती. मी त्या दिवशी घरी जाऊन ह्यांना म्हटलं, बघा. ह्यांनी भिंग काढलं.

तिचं मागणं एकच होतं. जोडतास. आठवड्यातून एकदा, दोन तास सलग, कारण पस्तीस मिनिटांत सामान मांडेपर्यंत घंटा होते. बस्स. मी तिची गुरू, मी म्हटलं, मिळवून देते. आणि त्याच सुमारास, पत्रात लिहिलंय म्हणून, समिती निघाली. टिकवणूक समिती. सात सभासद. सहा ते, एक मी. आणि निमंत्रक कोण? "बाई, तुम्हीच. तुम्हाला अनुभव आहे." टिकण्याचा. निमंत्रक म्हणजे काय, तर चहा सांगायचा, इतिवृत्त लिहायचं, आणि सगळे म्हणतील ते झाल्यावर सही करायची. बैठक कधी? तर माझ्या नववीच्या तासाला, कारण त्या वेळी इतर सहा जण मोकळे असतात.

पहिल्या बैठकीत मी म्हटलं, तिला जोडतास द्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं मी शाळेचं छप्पर मागितलंय. वेळापत्रकाचे सर आहेत आमच्याकडे, ते वेळापत्रक उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा करतात आणि वर्षभर त्याच्यावर नागासारखे बसतात. "वेळापत्रक झालंय." बदला. "झालंय ना." मग खेळाचे सर म्हणाले, प्रयोगशाळेतल्या शिड्या कुठे गेल्या? मग एक बाई, मराठीच्या... भल्या आहेत, पण बोलायला लागल्या की डोळे मिटतात... त्या म्हणाल्या, "मला वाटतं, त्यांना आपलेपणा वाटला पाहिजे." सगळ्यांना पटलं. मग आपलेपणाचं काय काय झालं, ऐका. प्रवेशदारापाशी भिंतीवर मोठं झाड रंगवलं, प्रत्येक पानावर एकेका शिक्षकाचा फोटो, आणि आम्हा दोघींचे फोटो कुठे? सगळ्यात वर, लांबून दिसावेत म्हणून. फक्त नावांची अदलाबदल झाली. माझ्या तोंडाखाली तिचं नाव, तिच्या तोंडाखाली माझं. मी पन्नाशीची, ठेंगणी, जाड, चष्मेवाली. ती पंचविशीची, उंच, काडी. ह्यात चूक व्हायला डोळे मिटूनच रंगवायला हवं.

आणि झाड परवडलं हो. हेडसर. एकदा मला बोलावून म्हणाले, "बाई, तुमचा मेणबत्तीचा प्रयोग फार गाजतोय, पण ज्वलनशील पदार्थ जरा..." मी म्हटलं, सर, मी गणित शिकवते. म्हणाले, "हो हो, माहितेय," आणि पुढे मेणबत्तीवरच बोलत राहिले. तिला बोलावून म्हणाले, "तुम्ही आता बावीस वर्षं इथे आहात, नव्या बाईंना जरा सांभाळून घ्या." ती म्हणाली, "घेते सर." स्टाफरूममध्ये येऊन मला सांगितलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी ती आखूड पायाची खुर्ची कलंडली. तेव्हा हसलो. हसण्यावारी नेलं, इथेच चुकलं.

आणि आता जे माझ्या वाट्याला यायचं ते अर्धं तिच्याकडे जायला लागलं. "तुमच्यातलं कुणीतरी आलंय." मोठ्या बाई वर्गात आहेत? मग छोट्या बाईंना बोलवा. प्रयोग अर्धा टाकून ती ऑफिसात. एकदा वरचे साहेब आले, योजना कशी चाललीय बघायला. त्यांना म्हणे आमच्यातली शिक्षिका शिकवताना बघायची होती. तर साहेबांना भेटवायला तिला वर्गातून बाहेर काढलं, साहेब ऑफिसात बसले, चहा, ओळख, फोटो, पाऊण तास, आणि मग सगळे मिळून तिचा वर्ग बघायला गेले तर वर्गात खेळाचे सर शिड्या मोजत होते. साहेब म्हणाले, "छान."

आता माझं ऐका. ह्यातलं माझं. तीन महिने मी प्रत्येक बैठकीत जोडतास जोडतास करत राहिले, आणि एकदाचे वेळापत्रकाचे सर विरघळले. मला वाटतं, कंटाळले. गुरुवार, चौथा आणि पाचवा तास. लेखी. मी कागद घेऊन जिन्याखाली धावत गेले, ह्या वयात, आणि तिला दिला. तिने तो भिंतीवर लावला, त्या हार घातलेल्या हेडसरांच्या शेजारी. पोरांना सांगितलं, गुरुवारी आपण पाण्यातून वीज जाते का बघणार. पोरं घरून बॅटऱ्या घेऊन आली. दोन गुरुवार झाले. फक्त दोन.

मग समितीची बैठक झाली, मराठीच्या बाईंनी डोळे मिटले, आणि ठरलं की दोघींसाठी एक 'मनमोकळा तास' ठेवायचा. आम्ही दोघींनी एका खोलीत बसायचं, समितीचा एक सभासद समोर बसणार वही घेऊन, आणि आम्ही मोकळेपणी आमच्या भावना सांगायच्या. मी लिहीत होते. घंटा झाली होती. नववीचा तास अर्धा गेला होता, सरावपरीक्षा होती, माझा जीव तिकडे. वेळापत्रकाचे सर म्हणाले, "वेळ मी घालतो, तुम्ही सही करा." आणि मी केली. न वाचता. बावीस वर्षं पोरांना ओरडून सांगतेय, प्रश्न आधी पूर्ण वाचा, मग पेन उचला... आणि मी न वाचता सही केली आणि धावले वर्गात. दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं: मनमोकळा तास, गुरुवार, चौथा. "दोघींच्या सोयीने." खाली निमंत्रकाची सही. माझी.

मी गेले वेळापत्रकाच्या सरांकडे. भांडले. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच मागितलंत. सही आहे." मी हेडसरांकडे गेले. ते म्हणाले, "बसा." मी बसले नाही. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत मांडू. पुढची बैठक सुट्टीनंतर. तोवर पाच गुरुवार आम्ही दोघी एका खोलीत बसलो, समोर खेळाचे सर वही घेऊन, "बोला, मोकळेपणी बोला, मला चार ओळी भरायच्यात." ती पहिल्या गुरुवारी बोलली. दुसऱ्या गुरुवारी खिडकीबाहेर बघत होती. पोरं बॅटऱ्या खिशात घेऊन जिन्याखाली उभी असायची, बंद दारापाशी. मला तोंड वर करून तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिने राजीनामा दिला. दुसऱ्या शहरातली तीच खासगी शाळा. त्यांच्याकडे ती 'कुणातली' आहे हे विचारायलाही कुणाला वेळ नाही, तास भरलेत, म्हणाली. आणि आता पत्रातला नियम ऐका. आमच्यातल्या शिक्षकाने राजीनामा दिला, तर तो आधी टिकवणूक समितीच्या निमंत्रकाकडे यायचा. निमंत्रकाने त्या व्यक्तीबरोबर किमान अर्धा तास बसायचं आणि 'नमुना सात' भरायचा. मन वळवण्याच्या प्रयत्नांची नोंद. चार पानं. म्हणजे मी. म्हणजे जिच्या सहीने तिचा तास गेला, तिनेच तिला म्हणायचं, जाऊ नकोस गं.

बसलो दोघी प्रयोगशाळेत. मी फॉर्म काढला. ती म्हणाली, "विचारा बाई, लाजू नका." मी विचारलं, रकाना एक, शाळा सोडण्याचं कारण. ती म्हणाली, "वैयक्तिक लिहा, तुमच्यावर यायला नको." मला सांभाळून घेत होती हो, मला. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, माझं चुकलं. मी तुला इथे आणलं, मी आहे ना म्हणाले, आणि नव्हते. मग तिने विचारलं, "बाई, तुम्ही का राहिलात इतकी वर्षं?" मी म्हटलं, अगं, मी गणित शिकवते. सवयीने आलं तोंडातून. आणि ती, अगदी मऊ आवाजात, टोमणा म्हणून नाही, खरंच कळायला हवं म्हणून, आठवीत विचारायची तसं... "कधी, बाई?"

कधी.

मी घरी येऊन वही काढली. एक आठवडा मांडला. माझे तीस तास. समिती, मनमोकळा तास, ऑफिसात बोलावणं, साहेब, झाडाचा फोटो पुन्हा काढणं, एका आईला समजावणं, एका पोराला दटावणं... उरले अकरा. त्या अकरांतही चार वेळा शिपाईमामा दारात. मी तेच गणित तीनदा केलं. दुसऱ्या रीतीनेही केलं. अकराच. ह्यांना दाखवलं, ह्यांनी भिंगातून बघितलं. "किती वर्षं असं चाललंय?" मला आठवेना. तेव्हा रडले मी, उगाच नाही म्हणणार नाही. ती गेली म्हणून रडले, आणि ती आठवीत होती तेव्हाची मी कधी गेले ते मला कळलंच नाही, म्हणूनही रडले.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला. चार ओळी. हेडसरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, घातला, परत वाचला. म्हणाले, "बाई... हॅ हॅ... हे माझ्याकडे नाही येत." मग कुणाकडे येतं? "समितीकडे. आधी निमंत्रकाकडे. नियम आहे." मी म्हटलं, सर, निमंत्रक मी आहे. ते म्हणाले, "मग तर सोपंच आहे." मला वाटलं थट्टा करतायत. पण ह्या माणसाला थट्टा कुठली. क्लार्कना हाक मारली, क्लार्कनी कपाटातून नमुना सात काढला, वरची धूळ फुंकली आणि माझ्या हातात दिला. "बाई, सही दोन ठिकाणी लागते. राजीनामा देणाऱ्याची आणि मन वळवणाऱ्याची. आणि अर्धा तास म्हणजे अर्धा तास हं, वेळ लिहायची असते." मी म्हटलं, मी एकटीने कशी बसू? ते म्हणाले, "खोली बंद करून बसा. गोपनीय आहे."

आणि वेळ कुठली दिली? आठवी ब चा तास. त्या वर्गावर खेळाचे सर पाठवले.

बसले. प्रयोगशाळेत, ती ज्या स्टुलावर बसायची त्याच्या समोर. स्टूल रिकामं. आधी वाटलं, काहीबाही खरडावं आणि उठावं. रकाना एक, कारण. वैयक्तिक. रकाना दोन, कोणते मुद्दे मांडले? मी लिहिलं, निवृत्तीला आठ वर्षं राहिलीत. रकाना तीन, त्यावर प्रतिसाद? लिहिलं, आठ वर्षं म्हणजे थोडी का. रकाना चार, पाच, सहा, नुसता पसारा, कुणी बसून केला असेल देव जाणे, भावनिक आधार दिला का, संस्थेचं महत्त्व पटवलं का... सगळीकडे 'हो' लिहीत गेले. घड्याळात बघितलं तर सात मिनिटं झालेली. तेवीस उरली. फॉर्म उलटला. मागच्या पानावर एकच प्रश्न होता. 'सदर शिक्षकास नेमके काय हवे आहे, हे विचारले का?'

नव्हतं विचारलं. आता फॉर्म खोटा कशाला भरू, माझ्या हातून एकदा झालं तेवढं पुरे. मी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून, मोठ्याने, नीट, विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय?" खोलीत कुणी नाही, वर हार घातलेले ते जुने हेडसर. आणि तुम्हाला सांगते, डोळ्यांत टचकन पाणी आलं. अहो, बावीस वर्षांत त्या इमारतीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्यातल्यांना काय हवंय, हे शंभरदा विचारलं. मला, नाही. आणि मी सांगायला लागले. तीस तास हवेत, म्हटलं. तासाला कुणी दारात यायला नको. फळा काळा करून हवा. आठवी ब मध्ये एक आहे, चुकतो पण थांबत नाही, त्याच्याजवळ बसायला वेळ हवा. बोलत सुटले, आणि समोरची बाई ऐकत होती, मधे एकदा बोलली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, मला दुसऱ्या कुणाच्या नावाने हाक मारली नाही. घंटा कधी झाली कळलंच नाही, पन्नास मिनिटं झाली होती.

आता असं कुणी एवढ्या आपुलकीने विचारल्यावर माणूस नाही तरी कसं म्हणणार? वळलं मन. केली सही. दोन ठिकाणी.